परराज्यातील चलान, ड्रायव्हरचे लायसन्स आणि आपला विमा

उल्हासनगरच्या कॅम्पांतील कापडाचे व्यापारी, जीन्स शिवणारे कारखानदार, फर्निचरवाले, तसेच अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजक या सर्वांचा सुरत, वापी, सिल्वासा या बाजूशी नेहमीचा संबंध आहे. पूर्वी माल ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या ट्रकातून बिल्टीवर येत असे. आता अनेकांनी स्वतःचा टेम्पो घेतला आहे. तो रात्री भिवंडीमार्गे मनोर गाठतो, तलासरी-अच्छाड ओलांडून पहाटे वलसाड-नवसारीच्या पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी गाठी भरून परत येतो. अशा फेऱ्यांत कुठेतरी चलान फाटतेच. हल्ली ते फाटतही नाही, मोबाईलवर येते.

या चलानाबद्दल आपल्या बाजारात दोन मते ऐकू येतात. एक असे की, गुजरातचे चलान महाराष्ट्रात कोण विचारतो? दुसरे असे की, परराज्यात दोन-तीन चलाने झाली की विमा कंपनी हप्ता दुप्पट करते. दोन्ही मते चुकीची आहेत. त्यातही पहिले अधिक महागात पडणारे आहे, कारण ते मालकाला गाफील ठेवते.

कायदा सर्व देशाला एकच

मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. हा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम १३ नुसार कोणत्याही राज्यात दिलेले लायसन्स सर्व भारतात चालते. कल्याणच्या आरटीओने दिलेल्या लायसन्सवर ड्रायव्हर सुरतेत गाडी चालवतो तो याच कलमाच्या आधारे. पण याची दुसरी बाजू अशी की लायसन्स रद्द झाले किंवा काही काळासाठी अपात्रता आली तर तीही सर्व देशात लागू होते. ‘तिकडे’ बंद आणि ‘इकडे’ चालू असा प्रकार नाही.

राज्याराज्यांत फरक आहे तो दंडाच्या रकमेचा. २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढले. तडजोडीची रक्कम ठरवण्याचा अधिकार राज्यांना असल्यामुळे गुजरातने त्याच महिन्यात अनेक दर उतरवले. हेल्मेट नसल्यास कायद्यात १००० रुपये होते, तेथे ५०० केले. महाराष्ट्राने नवे दर लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणून एकाच चुकीला वापीत एक रक्कम आणि पालघरमध्ये दुसरी असे होऊ शकते. रकमेवरून गुन्हा लहान की मोठा हे ठरवू नये.

पूर्वीच्या काळी लायसन्स म्हणजे एक पुस्तिका असे. वलसाडच्या हवालदाराने केलेली नोंद कल्याणच्या कार्यालयापर्यंत पोहोचेल याची खात्री नव्हती, आणि ‘कोण विचारतो’ हे मत त्याच काळातून आलेले आहे. आता गाड्यांची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आणि लायसन्सची नोंद ‘सारथी’ या प्रणालीत असते, व ई-चलान या दोन्हींशी जोडलेले आहे. गुजरातने २०१९ च्या नोव्हेंबरात आपले आरटीओ तपासणी नाके बंद केले तेव्हा आमच्या बाजारातील काही मंडळींना फार आनंद झाला होता. नाका गेला, पण कॅमेरा आला. नाक्यावर निदान बोलायला माणूस होता.

चलान गाडीवर की माणसावर?

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. कॅमेऱ्याने टिपलेले चलान नंबरप्लेटवरून तयार होते. कॅमेऱ्याला ड्रायव्हर कोण हे कळत नाही. त्यामुळे ते आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्या मालकाच्या नावे निघते. उलट, पोलीस किंवा आरटीओच्या अधिकाऱ्याने गाडी थांबवून चलान केले तर तो बहुधा ड्रायव्हरचा लायसन्स नंबरही यंत्रात टाकतो. पहिले चलान गाडीच्या खात्यावर बसते, दुसरे गाडीबरोबर माणसाच्याही खात्यावर बसते. शिवाय कलम १३३ नुसार त्या वेळी गाडी कोण चालवत होता ही माहिती मागितल्यास मालकाला ती द्यावी लागते. ज्याच्याकडे महिन्याला ड्रायव्हर बदलतात त्याने कोणत्या तारखेला कोण गेला होता हे लिहून ठेवलेले बरे, नाहीतर उत्तर देताना मालकच अडकतो.

गाडीच्या खात्यावरील थकीत चलानाचा त्रास लगेच जाणवत नाही. तो जाणवतो आरटीओत काम पडले की. नाव बदलणे, कर्जाचा बोजा उतरवणे, दुसऱ्या राज्यात गाडी नेण्यासाठी ना-हरकत दाखला, फिटनेस, परमिट अशी बहुतेक कामे थकीत चलान असेल तर अडकून पडतात, मग ते चलान ठाण्याचे असो की भरूचचे.

पैसे भरले म्हणजे सुटलो असे नाही

आपल्या लोकांची सर्वसाधारण समजूत अशी की दंड भरला, पावती मिळाली, मामला मिटला. साध्या चलानांत हे खरे आहे. पण काही गुन्ह्यांत ते खरे नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मुळीच नाही.

कलम २०० मध्ये तडजोडीने दंड भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे. त्याच कलमात आता स्पष्ट लिहिले आहे की अशी तडजोड केली तरी तो गुन्हा ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. पुढच्या वेळी तीच चूक झाली तर ती दुसरी धरली जाईल. आणखी असे की, दंड भरला तरी कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमाखालील लायसन्सची कारवाई थांबत नाही.

हे पोटकलम काय आहे? वेगमर्यादा ओलांडणे, धोकादायक गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे, रस्त्यावर शर्यत लावणे, नादुरुस्त व धोक्याची गाडी रस्त्यावर आणणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट नसणे आणि रुग्णवाहिकेला वाट न देणे या गुन्ह्यांत पोलीस अधिकाऱ्याने लायसन्स जप्त करून ते परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. मग परवाना अधिकारी कलम १९ खाली ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून त्याला सोडू शकतो किंवा पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच होऊ शकते. ‘धोकादायक चालवणे’ या शब्दांनी फसू नये. लाल सिग्नल तोडणे, हातात मोबाईल धरून बोलणे, उलट दिशेने गाडी घालणे हे सर्व त्याच कलम १८४ मध्ये येते. रात्रीच्या प्रवासात ‘माल किती वाजता पोचेल’ असे आपणच ड्रायव्हरला दर अर्ध्या तासाने फोन करून विचारतो, तेव्हा हे कलम आठवावे.

वेगाच्या बाबतीत केंद्रीय कायद्यातील दंड हलक्या वाहनास १००० ते २००० आणि मध्यम व जड मालवाहू वाहनास २००० ते ४००० रुपये इतका आहे. पण दुसऱ्यांदा वेग ओलांडल्यास लायसन्स ताब्यात घेण्याची तरतूद कलम १८३ मध्येच आहे. चलान हाती आले की आपली नजर रकमेकडे जाते. ती आधी कलमाकडे गेली पाहिजे. कलम १७७ खालचे ५०० रुपये आणि कलम १८४ खालचे १००० रुपये यांत पाचशेचा नव्हे, ड्रायव्हरच्या रोजीरोटीचा फरक आहे.

गाठींचा हिशेब

कापडाच्या धंद्यात वजनापेक्षा फुगवटा अधिक. गाठी, तागे, तयार मालाच्या गोण्या टेम्पोच्या बाजूने व मागून बाहेर येतात, दोरी बांधून वर ताडपत्री टाकली की आपल्याला वाटते काम झाले. कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २००० रुपये दंड आहे. माल गाडीच्या बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही केंद्रीय कायद्यात २०,००० चाच आकडा आहे आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. राज्याने तडजोडीची रक्कम कमी ठरवली असेल तर कमी भरावे लागेल, हा भाग निराळा. फर्निचरवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कपाटाचा फुगवटा ताडपत्रीखाली लपत नाही.

जादा वजन हे वर सांगितलेल्या कलम २०६ च्या यादीत नाही. तरी सुटका नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये लायसन्सवर कारवाई करण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत मालगाडीत जादा माल नेणे, मालगाडीत माणसे बसवणे, वेगमर्यादा तोडणे व मोबाईल वापरणे ही चारही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावे असे राज्यांना सांगितले होते.

हप्ता वाढतो का?

आता विम्याकडे येऊ. अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांकडून आपल्याकडे एक माहिती येते आणि तीच व्हॉट्सअॅपवर फिरते. तेथे प्रत्येक राज्याचा वाहतुकीचा कायदा व लायसन्स वेगळे. तरी बहुतेक राज्यांनी ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ नावाचा करार केला आहे व परराज्यातील गुन्हा ड्रायव्हरच्या स्वतःच्या राज्याला कळवला जातो. न्यू जर्सीचा रहिवासी दुसऱ्या राज्यात वेगात पकडला गेला तर घरच्या लायसन्सवर दोन गुण चढतात. विमा कंपन्या हा रेकॉर्ड पाहून हप्ता ठरवतात. तिकडे हे खरे आहे.

आपल्याकडे व्यवस्था वेगळी आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेत ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये व त्यावर १२,००० किलोपर्यंत २७,१८६ रुपये असा मूळ दर दिला होता. हा दर गाडीच्या वजनावर आहे. ड्रायव्हरला किती चलाने झाली याचा त्यात रकानाच नाही.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो त्यात नो क्लेम बोनस मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट. ही सूट जाते ती क्लेम घेतल्यामुळे किंवा मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत पॉलिसी नवी न केल्यामुळे. चलानामुळे जात नाही.

विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत अशी सूचना केली होती की वाहतूक नियम मोडणाऱ्यांना गुण देऊन त्यानुसार वेगळा हप्ता लावावा. दारू पिऊन चालवण्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १० गुण असा हिशेब त्यात होता आणि सुरुवात दिल्ली परिसरात करावी असे म्हटले होते. व्हॉट्सअॅपवरील निम्म्या बातम्या या सूचनेतून जन्मल्या आहेत. सूचना आणि कायदा यांत अंतर असते. थर्ड पार्टीचा दर आजही गाडीच्या वर्गावर व वजनावरच ठरतो.

खरी जोखीम क्लेमच्या वेळी

म्हणजे चलानाचा विम्याशी संबंध नाही असे समजायचे काय? नाही. संबंध आहे, पण तो हप्ता भरताना दिसत नाही, अपघात झाल्यावर दिसतो.

आपल्या पॉलिसीबरोबर विम्याचा एक दाखला येतो. तो काढून वाचावा. त्यात गाडी कोण चालवू शकतो याबद्दल एक ओळ असते. तिचा अर्थ असा की, चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असले पाहिजे आणि तो लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरलेला नसला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्येही विमा कंपनीला जे मोजके बचाव दिले आहेत त्यांत अपात्रतेच्या काळात गाडी चालवणे हा एक आहे. परराज्यातील चलान आपल्या विम्याला भिडते ते याच ठिकाणी.

समजा, बदलापूरच्या एका मालकाचा ड्रायव्हर नवसारीजवळ लाल सिग्नल तोडताना पकडला गेला. लायसन्स पुढे पाठवले गेले. ड्रायव्हरने मालकाला फक्त दंडाची पावती दाखवली, पैसे घेतले आणि लायसन्सबद्दल काही बोलला नाही, कारण बोलला तर तीन महिने काम जाणार. अपात्रतेचा आदेश निघाला. त्याच महिन्यात काटई नाक्याजवळ त्याच्या हातून टेम्पोखाली एक मोटारसायकलस्वार आला आणि गेला. त्याच्या कुटुंबाने ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा केला. मृत माणूस तरुण व कमावता असेल तर अशा दाव्यांत भरपाई काही लाखांत जाते. कंपनीचा वकील सारथीवरील नोंद काढून न्यायाधिकरणासमोर ठेवतो.

अशा प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग हा निकाल आधार मानला जातो. त्याचे सार असे की, लायसन्सचा दोष आहे एवढे सांगून कंपनीचे भागत नाही, मालकाने योग्य काळजी घेतली नाही हेही तिने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण अपघातग्रस्तांना वाऱ्यावर न सोडता कंपनीला आधी पैसे देण्यास सांगू शकते व मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. अपघातग्रस्ताच्या घराला न्याय मिळतो, आणि वसुलीची नोटीस येते ती टेम्पोमालकाच्या घरी. टेम्पो विकूनही ती रक्कम फिटत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर वेगळाच: त्यात अशी सवलत चालत नाही, असे न्यायालयाने २००७ मध्ये लक्ष्मीनारायण धूत प्रकरणात सांगितले आहे.

पाचशे-हजाराच्या चलानाचे असे लाखांत रूपांतर होते. हप्ता वाढला असता तर निदान दरवर्षी आठवण तरी राहिली असती.

काळजी घेतली हे दाखवता आले पाहिजे

स्वर्णसिंग निकालातील ‘योग्य काळजी’ हे शब्द मालकाच्या बाजूचे आहेत. २०२० च्या निर्मला कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालकाने ड्रायव्हर ठेवताना लायसन्स पाहिले, ते दिसायला खरे होते व माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री केली, तर देशभरच्या आरटीओत जाऊन तपासण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हा निकाल बनावट लायसन्सबद्दल होता. त्यावर फार विसंबू नये असे माझे मत आहे. लायसन्स नंबर व जन्मतारीख टाकली की सारथीच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती दिसते, हे काम दोन मिनिटांचे आहे. जे दोन मिनिटांत करता येते ते केले नाही तर उद्या एखादे न्यायालय त्यालाच निष्काळजीपणा म्हणेल.

आमच्या दुकानात बिलबुकाशेजारी एक वही असते. गाडी सुरतेला निघण्यापूर्वी दिवाणजी ड्रायव्हरचे लायसन्स मोबाईलवर तपासतो, तारीख, नाव व लायसन्स नंबर वहीत लिहितो आणि ड्रायव्हरची सही घेतो. कंटाळवाणे काम आहे. ड्रायव्हरही सुरुवातीला नाराज होतात, ‘सेठ, भरोसा नहीं क्या’ म्हणतात. पण ही वही दोन कामे करते: त्या दिवशी गाडी कोणाकडे होती हे कळते आणि मालकाने तपासणी केली याचा पुरावा राहतो.

ड्रायव्हरला तीन महिन्यांची अपात्रता आली तर त्याला कामावरून काढू नये, असेही मी सुचवीन. त्या काळात गोदामात किंवा माल चढवण्या-उतरवण्यावर काम द्यावे. नोकरी जाण्याच्या भीतीनेच माणूस लपवतो. आणि अपात्र असताना त्याच्या हातात किल्ली देणारा मालकही कलम १८० खाली गुन्हेगार ठरतो, तेथे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड आहे. चालवणाऱ्याला कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

एक जुनी भीती मात्र आता सोडून द्यावी. साधे हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला ड्रायव्हर मालवाहू टेम्पो चालवत होता म्हणून क्लेम नाकारल्याच्या कहाण्या आपण ऐकल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात आणि नंतर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन अशा लायसन्सवर चालवता येते.

परमिट आणि गाठींवर बसलेली माणसे

३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. आपला ‘छोटा हत्ती’ त्यात बसतो. त्यापेक्षा मोठी गाडी राज्याबाहेर जायची तर नॅशनल परमिट हवे. फक्त महाराष्ट्राचे परमिट घेऊन अच्छाड ओलांडले तर पलीकडे ती गाडी विनापरमिटच. कलम १९२-अ चा दंड १०,००० रुपये असून कैदेचीही तरतूद आहे. त्याहून गंभीर असे की २०१८ च्या अमृतपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परमिट नसणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग मानला व भरपाईची वसुली मालकाकडून होऊ दिली.

मालाबरोबर जाणाऱ्या माणसांचेही असेच. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालगाडीतून जात असेल तर तो विम्यात येतो. आपला दिवाणजी माल घेऊन येत असेल तर त्याच्याजवळ बिल व बिल्टी असावी, आणि तो केबिनमध्ये बसावा. पण सुरतेहून येताना वाटेत घेतलेले पाहुणे, गाठींवर झोपलेले चार हमाल किंवा लग्नाला निघालेले शेजारी यांना मालगाडीच्या विम्यात जागा नाही. चलान तर होईलच, आणि अपघात झाला तर ती भरपाई मालकाच्या खिशातून. मालाचे नुकसान गाडीच्या विम्यात येत नाही, त्याची ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, हेही अनेकांना गाठी भिजल्यावर कळते.

विकलेल्या गाडीचे चलान

आपल्याकडे जुने टेम्पो फार विकले जातात, आणि बरेचसे कोऱ्या फॉर्मवर सही करून. नाव बदलायला गेले की गुजरातचे एखादे जुने चलान निघते व काम अडते. विकणारा म्हणतो घेणारा भरील, घेणारा म्हणतो विकणाऱ्याने भरावे, आणि दोघेही विसरून जातात. गाडी मात्र रस्त्यावर फिरत राहते. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. म्हणजे दोन वर्षांपूर्वी टेम्पो विकून मोकळा झालेला माणूस अपघाताच्या भरपाईला जबाबदार. सातशे रुपयांच्या चलानासाठी नाव बदलणे लांबवू नये. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला अर्ज द्यावा.

चलान आल्यास काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे चलान आपल्यापर्यंत पोहोचले पाहिजे. एमएच ०५ च्या अनेक गाड्यांच्या नोंदीत मालकाऐवजी एजंटचा किंवा शोरूमच्या माणसाचा मोबाईल नंबर आहे. संदेश त्याला जातो, आपल्याला कळत नाही. वाहन व सारथी दोन्हींत आपला व ड्रायव्हरचा चालू नंबर घालून घ्यावा. महाराष्ट्र पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ वेगळे आहे व केंद्राचे परिवहनचे वेगळे. परराज्यातील चलानासाठी परिवहनचे पाहावे, घरच्यासाठी दोन्ही पाहावीत. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली तर ती उघडू नये, ती बँक खाते रिकामे करणाऱ्यांची असते. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो.

चलान चुकीचे असेल, म्हणजे नंबर आपला पण फोटोतील गाडी भलतीच असेल, तर त्याच संकेतस्थळावर फोटोसह तक्रार करता येते. त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडावा. टोलची नोंद यासाठी उपयोगी पडते. मुदतीत न भरलेले चलान न्यायालयाकडे जाते. गुजरातसह अनेक राज्यांत यासाठी आभासी न्यायालय आहे, तेथे घरबसल्या दंड भरता येतो. पण गुन्हा मान्य नाही असे म्हटले तर प्रकरण ज्या भागात गुन्हा झाला तेथील न्यायालयात चालते. कल्याणच्या लोकअदालतीत आपल्याकडील चलाने मिटतात, वलसाडचे चलान तेथे मिटत नाही. पाचशे रुपयांसाठी वलसाडची फेरी कोणी करत नाही, हे मलाही मान्य आहे. मात्र चलानावर कलम १८३, १८४ किंवा १९० असेल आणि चूक आपली नसेल, तर भरून मोकळे होण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण भरलेले चलानही पहिला गुन्हा म्हणून मोजले जाते.

ड्रायव्हरला कलम १९ ची नोटीस आली तर ती खिशात ठेवू नये. अधिकाऱ्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे असे कायदाच सांगतो, म्हणून तारखेला हजर राहून लेखी म्हणणे द्यावे. आदेश विरुद्ध गेला तर त्याची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. आदेशाची एक प्रत मालकाने आपल्याजवळ ठेवावी, आणि अपात्रता कोणत्या तारखेला संपते ते वहीत लिहून त्या तारखेपर्यंत किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्यावी.